ट्रिनिटी, एल्ड्रेज अशा भारी टाय नॉट्स शिकायच्यात? मग इथून सुरुवात करा

ट्रिनिटी नॉटचा फोटो पहिल्यांदा बघितला की हात शिवशिवायला लागतात. तीन पाकळ्या फिरत फिरत मधोमध येऊन मिळतात, आणि हे सगळं एका साध्या टायमधून. मग आपण व्हिडिओ लावतो, आरशासमोर उभे राहतो, आणि वीस मिनिटांनी गळ्यात नुसता गुंता असतो, टायचं टोक छातीच्या मध्यावर लोंबत असतं आणि मान लाल झालेली असते. माझे पहिले दोन आठवडे असेच गेले. हात वळत नाहीयेत असं मला वाटायचं, पण प्रॉब्लेम हातांचा नव्हताच, दोन-तीन मूलभूत गोष्टी मला कोणी सांगितल्याच नव्हत्या. त्या इथे सगळ्या लिहितोय, म्हणजे तुमचे तरी ते दोन आठवडे वाचतील.

सुरू करायच्या आधी हे जवळ ठेवा

- एकरंगी टाय, फार जाड नको, लांबी साधारण ५७-५८ इंच (बहुतेक रेडिमेड टाय एवढेच असतात)
- सरावासाठी एक जुना टाय, जो चुरगळला तरी वाईट वाटणार नाही
- पसरट कॉलरचा शर्ट आणि कॉलरच्या पट्ट्या (कॉलरची टोकं ताठ राहावीत म्हणून आत सरकवायच्या)
- कमरेपर्यंत दिसेल असा आरसा. छोट्या आरशात नॉट दिसते पण लांबी दिसत नाही
- अर्धा तास, घाई नसलेला. कार्यक्रमाला निघायच्या आधीचा अर्धा तास यात धरू नका

## १. आधी हे समजून घ्या की कोणतं टोक फिरवायचंय

सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. रोजच्या सगळ्या नॉट्समध्ये, म्हणजे फोर-इन-हँड, हाफ विंडसर, फुल विंडसर, आपण रुंद टोक फिरवतो आणि बारीक टोक गप्प लटकत राहतं. ट्रिनिटी आणि एल्ड्रेजमध्ये बरोबर उलटं असतं, रुंद टोक जागचं हलत नाही आणि सगळं काम बारीक टोक करतं. मी कितीतरी संध्याकाळी रुंद टोकाने एल्ड्रेज बांधायचा प्रयत्न केला आणि दरवेळी मुठीएवढा गोळा तयार व्हायचा.

याचा एक परिणाम नीट लक्षात ठेवा. रुंद टोक हलणार नाही म्हणजे टायची लांबी सुरुवातीलाच ठरते. फोर-इन-हँडमध्ये लांबी चुकली तर सोडून पुन्हा बांधायला दहा सेकंद लागतात, इथे मात्र शेवटच्या स्टेपला कळलं की टाय आखूड झालाय, तर सगळंच पहिल्यापासून. त्यामुळे रुंद टोकाची अणी आधीच बेल्टच्या बकलवर आणून ठेवायची, खरं तर बोटभर खालीच, कारण नॉट आवळताना ती थोडी वर सरकते.

दुसरा घोळ डाव्या-उजव्याचा. काही व्हिडिओ आरशासारखे उलटवलेले असतात, काही नसतात, आणि सांगणारा "डावीकडे" म्हणतो तेव्हा त्याची डावी बाजू की तुमची हे कळत नाही. यावर माझा उपाय साधा आहे: डावं-उजवं बघायचंच नाही, टोक रुंद पट्टीच्या *पुढून* जातंय की *मागून*, आणि गळ्याच्या लूपमध्ये *वरून* शिरतंय की *खालून*, एवढंच बघायचं. या दोन गोष्टी बरोबर असतील तर अख्खी नॉट उलट्या बाजूने बांधली तरी ती बरोबरच असते, फक्त आरशातलं प्रतिबिंब असल्यासारखी. या लेखात मी डावं-उजवं म्हणेन ते तुमचं, टाय घालणाऱ्याचं.

## २. टाय निवडताना

या नॉट्सचं सौंदर्य घड्यांच्या कडांमध्ये आणि त्यांच्या सावल्यांमध्ये असतं. टायवर ठिपके, बारीक फुलं, चौकडा असं काही असेल तर डोळा त्या डिझाइनकडे जातो आणि तुम्ही एवढ्या मेहनतीने घातलेले पदर दिसतच नाहीत. एकरंगी टाय घ्या, विणीला हलकासा पोत असलेला सिल्क उत्तम. चकचकीत सॅटिन मला स्वतःला आवडत नाही, प्रत्येक सुरकुती चमकते आणि सरावाच्या काळात सुरकुत्या भरपूर असतात. पट्ट्यापट्ट्यांचा टाय ट्रिनिटीत छान दिसू शकतो, पट्टे तीन दिशांना वळतात, पण हे पहिल्या महिन्यात नको. विणलेला लोकरी टाय तर अजिबात नको, तो इतका फुगतो की नॉट बसतच नाही.

आता एक गोष्ट जी दुकानात कोणीच बघत नाही. टाय एका अखंड कापडाचा नसतो, साधारणपणे तीन तुकडे तिरपे जोडून तो बनतो: रुंद भाग, मानेचा भाग आणि शेपटी. न्यूयॉर्कच्या जेसी लँग्सडॉर्फ यांनी १९२० च्या दशकात कापड तिरकं कापून तीन तुकड्यांत टाय शिवायची पद्धत पेटंट केली आणि आजही टाय तसेच शिवतात, म्हणूनच तो ओढला की थोडा ताणला जातो आणि पुन्हा सरळ होतो. रोजच्या नॉटमध्ये मानेचा आणि शेपटीचा जोड कॉलरखाली किंवा मागे लपतो. पण बारीक टोकाच्या नॉटमध्ये हाच भाग पुढे येतो, त्यामुळे तुमच्या सुंदर ट्रिनिटीच्या एका पाकळीवर आडवी शिवण दिसू शकते. विकत घ्यायच्या आधी टाय उलगडून शिवण कुठे आहे ते बघा. आणि शेपटीला वेगळ्या रंगाचं किंवा डिझाइनचं कापड तर लावलेलं नाही ना तेही बघा, काही टायमध्ये असतं. ते मुद्दाम वापरता येतं, नॉट एका रंगाची आणि खालचा टाय दुसऱ्या रंगाचा, पण ते आपण ठरवून केलेलं असावं.

जाडीचं म्हणाल तर टाय मधोमध चिमटीत धरा. आत लोकरी अस्तर जाड असेल तर हातालाच कळतं. एल्ड्रेजसाठी पातळ अस्तर हवं.

## ३. कॉलर चुकली तर सगळं चुकलं

ट्रिनिटी, एल्ड्रेज या रुंद नॉट्स आहेत. अरुंद टोकदार कॉलरमध्ये त्या मावत नाहीत, कॉलरची टोकं वर उचलली जातात आणि मान आवळल्यासारखी दिसते. पसरट कॉलर घ्या, म्हणजे दोन टोकांमध्ये भरपूर जागा असलेली. बटन-डाउन कॉलर यासाठी नाही, ती मुळात अनौपचारिक आणि त्यात टोकं शर्टाला अडकवलेली, नॉटला हलायलाच जागा उरत नाही.

वरचं बटण लागलंच पाहिजे. बटण लावून दोन बोटं आत जात नसतील तर शर्ट बदला, कारण एल्ड्रेजमध्ये उरलेली शेपटीही कॉलरखाली कोंबायची असते. कॉलरच्या पट्ट्या घाला आणि शर्ट धुवायला टाकताना काढा.

## ४. फोर-इन-हँड डोळे मिटून यायला हवी

ही स्टेप गाळायचा मोह होतो, मलाही झाला होता. पण टाय किती आवळायचा, कोणत्या क्षणी बोट आत ठेवायचं, खळी कशी पाडायची, हे सगळं हात इथेच शिकतात.

रुंद टोक उजवीकडे, बारीक टोकापेक्षा साधारण फूटभर खाली. रुंद टोक पुढून डावीकडे, मागून उजवीकडे, परत पुढून डावीकडे, मग गळ्याच्या लूपमध्ये खालून वर, आणि शेवटी पुढे तयार झालेल्या पट्टीच्या आतून खाली. आवळायच्या आधी नॉटच्या अगदी खाली तर्जनीने मधोमध दाबून दोन्ही कडा अंगठा आणि मधल्या बोटाने आत घ्या आणि तसंच धरून आवळा. ती जी छोटी खळी पडते ना, तिच्यामुळे टाय जिवंत दिसतो.

नॉट थोडी तिरकी येईल. येऊ द्या, ती तशीच असते आणि तशीच छान दिसते. ज्यांच्या नावाने विंडसर नॉट ओळखली जाते ते ड्यूक ऑफ विंडसर (ब्रिटनचे माजी राजे आठवे एडवर्ड) स्वतः ती बांधायचे नाहीत, ते जाड अस्तराचे टाय शिवून घ्यायचे आणि साधी फोर-इन-हँडच बांधायचे. लोकांना दिसली ती भरदार नॉट, आणि तशीच दिसावी म्हणून विंडसर रूढ झाली. मला ही गोष्ट फार आवडते, कारण त्यात सांगितलंय की नॉट कशी दिसेल हे गाठीइतकंच कापडावर ठरतं.

आरशात न बघता सलग पाच वेळा नीट बांधता आली की पुढे जा.

## ५. मधली पायरी: प्रिन्स अल्बर्ट आणि व्हॅन वाइक

या दोन नॉट्स मला फार उशिरा कळल्या, आधी कळायला हव्या होत्या, कारण यात नवीन काहीच शिकायचं नाहीये. फोर-इन-हँडमध्ये पुढून एक वेढा घेऊन आपण वर जातो. तिथे आणखी एक वेढा घेतला आणि शेवटी टोक दोन्ही पट्ट्यांच्या आतून खाली ओढलं की झाली प्रिन्स अल्बर्ट. अजून एक वेढा, आणि शेवटी तिन्ही पट्ट्यांच्या आतून, की झाली व्हॅन वाइक.

व्हॅन वाइक उंच, नळीसारखी दिसते आणि तिचे तीन थर वेगवेगळे दिसले तरच मजा आहे. म्हणून प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर तंतोतंत न ठेवता जरा सरकवून ठेवायचा, म्हणजे खालची कड दिसत राहते. आणि वेढे सैल ठेवायचे, कारण शेवटी टोक तिन्हींच्या आतून जायचंय. मी सुरुवातीला प्रत्येक वेढा आवळायचो आणि मग टोक आत शिरायचंच नाही. डाव्या हाताची तर्जनी सुरुवातीपासून पट्ट्यांच्या आत ठेवा, ती वाट राखून ठेवते.

जास्तीचे वेढे रुंद टोकानेच घ्यायचे असल्याने लांबी नेहमीपेक्षा जास्त खर्च होते, तेव्हा रुंद टोक सुरुवातीला आणखी चार-पाच इंच खाली घ्या. अडीच इंचाच्या आतबाहेरचा अरुंद टाय असेल तर फारच सुंदर, आणि अरुंद कॉलरलाही चालते. उंच माणसांना मात्र साधा टाय पुरत नाही, त्यांनी ६१-६३ इंची घ्यावा.

## ६. ट्रिनिटी

आता खरी गंमत. इथून पुढे बारीक टोकच फिरतं, रुंद टोकाला हात लावायचा नाही. रुंद टोक डावीकडे, अणी बकलच्या जरा खाली, बारीक टोक उजवीकडे.

१. बारीक टोक रुंद पट्टीच्या पुढून डावीकडे न्या.
२. गळ्याच्या लूपमध्ये खालून वर काढा आणि डावीकडे खाली सोडा.
३. रुंद पट्टीच्या मागून उजवीकडे न्या.
४. पुढून वर घेऊन गळ्याच्या लूपमध्ये वरून आत घाला, टोक डावीकडे बाहेर येईल.
५. पुढून आडवं उजवीकडे न्या. ही आडवी पट्टी लक्षात ठेवा.
६. पुन्हा गळ्याच्या लूपमध्ये खालून वर.
७. त्या आडव्या पट्टीच्या आतून खाली ओढा, पण आवळू नका. हा भाग मुद्दाम सैल ठेवायचा.
८. रुंद पट्टीच्या मागून उजवीकडे.
९. पुढून डावीकडे येताना टोक सातव्या स्टेपमधल्या सैल पट्टीच्या आतून काढा.
१०. आता हळूहळू आवळा आणि उरलेलं टोक डावीकडे कॉलरखाली लपवा.

पाचव्या स्टेपपर्यंत सगळ्यांना जमतं. गाडी अडते सातव्या स्टेपला, कारण आजवर शेवटचा झटका देऊन आवळायची हाताला सवय असते आणि इथे नेमकं उलटं करायचंय. सातव्या स्टेपनंतर दोन सेकंद थांबायची सवय लावा.

आवळल्यावर पाकळ्या असमान दिसतील. घाबरू नका, पहिल्यांदा सगळ्यांच्याच दिसतात. एकेका पाकळीची कड चिमटीत धरून थोडी थोडी ओढायची, मध्यबिंदू मधोमध येईपर्यंत. हे काम दोन मिनिटांचं आहे आणि व्हिडिओत बहुतेक वेळा कापलेलं असतं, म्हणून आपल्याला वाटतं की त्यांची एका झटक्यात बसली.

## ७. एल्ड्रेज

एल्ड्रेजचा पाया रुंद नॉटसारखाच, बारीक टोकाने बांधलेला. त्यानंतर उरलेली अख्खी शेपटी पायाभोवती फिरत राहते, प्रत्येक फेरीत आधीच्या सैल पट्टीतून जाते आणि वेणीसारखे पदर तयार होतात. एकूण पंधराएक हालचाली होतात. मी त्या इथे मुद्दाम एकेक करून लिहीत नाहीये, कारण शब्दांवरून एल्ड्रेज शिकण्यात माझेच बरेच दिवस वाया गेले, ती डोळ्यांनीच शिकायची नॉट आहे. व्हिडिओ अर्ध्या स्पीडवर लावा आणि या चार गोष्टींकडे लक्ष ठेवा:

खळी सुरुवातीलाच पाडायची, कारण नंतर रुंद पट्टी नॉटच्या आत बंद होते. पाया घट्ट हवा आणि त्यानंतरचे पदर सैल, याच्या उलट झालं की नॉट घसरते. प्रत्येक पदर आधीच्या पदराची कड झाकणार नाही असा ठेवायचा. आणि शेपटी पुरली नाही तर टायला दोष देण्याआधी बघा की पाया बांधताना किती कापड खर्च झालं, माझ्या बाबतीत तरी दर वेळी चूक तिथेच होती. ज्यांची मान जाड आहे त्यांना मात्र खरंच लांब टाय लागेल.

ट्रिनिटी किमान दहा वेळा मनासारखी आली की मगच एल्ड्रेजला हात लावा.

जाता जाता एक सांगतो, कारण "बरोबर" नॉट कोणती यावर लोक उगाच वाद घालतात. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश लॅबोरेटरीतल्या थॉमस फिंक आणि योंग माओ या दोघांनी १९९९ मध्ये गणित मांडून दाखवलं होतं की टाय बांधायच्या ८५ पद्धती शक्य आहेत. पण त्यांच्या नियमात फक्त रुंद टोक फिरायचं, पुढचा भाग सपाट राहायचा आणि जास्तीत जास्त नऊ हालचाली. ट्रिनिटी, एल्ड्रेज त्यात बसतच नाहीत. २०१४ मध्ये मिकाएल वेजडेमो-योहान्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नियम सैल करून पुन्हा मोजलं तेव्हा आकडा आला १,७७,१४७, आणि नंतर तो २,६६,६८२ वर गेला. त्यामुळे एखादी पट्टी चुकून वेगळीकडून गेली, नॉट टिकली आणि चांगली दिसली, तर ती ठेवा, ती कुठेतरी त्या यादीत असणारच.

## ८. नॉट बोलतेय ना, मग बाकीच्यांनी गप्प बसायचं

सगळ्यात जास्त चुका मी इथे बघतो, आणि या लोकांनी नॉट अगदी सुंदर बांधलेली असते. एल्ड्रेज, त्यात चमकदार टाय, त्यावर टाय पिन, खिशात त्याच कापडाचा रुमाल, शर्टला चौकडा. बघणाऱ्याचा डोळा कुठे थांबणार? एका मित्राच्या लग्नात मी जवळपास असाच गेलो होतो. नंतर फोटो बघताना कळलं की चेहऱ्याकडे लक्षच जात नाहीये, आणि त्याचं मला खरंच वाईट वाटलं, कारण ती नॉट बांधायला मी महिनाभर सराव केला होता.

तेव्हापासून माझा नियम असा: शर्ट पांढरा किंवा फिकट निळा, एकरंगी. जॅकेट गडद, साधं. खिशातला रुमाल पांढरा, सरळ घडीचा, टायच्या कापडाचा कधीच नाही. टाय पिन नाही. जॅकेटची लॅपल (पुढची दुमडलेली पट्टी) अगदी बारीक असेल तर रुंद नॉट तिच्यापुढे बेढब दिसते, मध्यम किंवा रुंद लॅपल बघा. वेस्टकोट मात्र जरूर घाला, कारण नॉट छान उठून दिसते आणि खाली टायची लांबी एखादा इंच चुकली असेल तर तीही झाकली जाते.

चेहऱ्याचा विचार आरशात करा, नियमात नको. रुंद नॉट बारीक चेहऱ्याला जड होते म्हणतात, पण मी बारीक चेहऱ्यावर पातळ टायची ट्रिनिटी फार सुंदर दिसलेली पाहिलीय. दोन हात लांब उभं राहून बघा, आधी चेहरा दिसतो की आधी नॉट.

## ९. कुठे घालायची, कुठे नाही

लग्न, रिसेप्शन, पार्टी, गेट-टुगेदर, स्टेजवर जायचं असेल तेव्हा, बिनधास्त. नोकरीचा इंटरव्ह्यू, कोर्ट, शोकसभा, पहिल्यांदाच भेटणारा क्लायंट, इथे नको. समोरच्याने तुमचं बोलणं ऐकायचंय, तिथे फोर-इन-हँड किंवा हाफ विंडसर पुरे. आणि दुसऱ्याच्या लग्नात नवऱ्यामुलाने साधी नॉट बांधली असेल तर आपण एल्ड्रेज बांधू नये असं माझं मत आहे, त्या दिवशी नजर त्याच्याकडे जायला हवी.

सगळ्या नॉट्स पाठ करायच्या मागे लागू नका. एक निवडा, जी तुमच्या कॉलरला, मानेला, चेहऱ्याला बसते, आणि तीच वर्षभर वापरा. माझी प्रिन्स अल्बर्ट आहे. ट्रिनिटी वर्षातून दोन-तीनदा, एल्ड्रेज त्याहून कमी.

## १०. सोडायची पद्धत

घरी आल्यावर बारीक टोक पकडून सर्रकन ओढू नका. रुंद टोकाच्या नॉट तशा सुटतात तरी, पण टायच्या मागून जो एक लांब सैल धागा जातो तो तुटतो आणि टाय पिळवटतो. ट्रिनिटी-एल्ड्रेजमध्ये तर ओढल्यावर गाठ आणखी आवळते. ज्या क्रमाने बांधली त्याच्या उलट्या क्रमाने एकेक पदर काढा, आधी कॉलरखालचं टोक मोकळं करा. एल्ड्रेज सोडायला बांधण्याच्या निम्मा वेळ जातो, तेवढा धरा.

नॉट बांधून ठेवलेली तशीच डोक्यातून काढून उद्यासाठी लटकवून ठेवायची कल्पना सुचेल. नको, बारीक टोकाच्या नॉटमध्ये घड्या खोल पडतात, रात्रभर राहिल्या तर नंतर जात नाहीत. सोडल्यावर टाय दुहेरी करून बारीक बाजूने सैल गुंडाळा आणि एक-दोन दिवस तसाच राहू द्या, बहुतेक सुरकुत्या आपोआप जातात. उरलेल्यांसाठी इस्त्री टेकवू नका, बाथरूममध्ये गरम पाणी सोडून वाफेत थोडा वेळ लटकवा, आणि तो पूर्ण कोरडा झाल्याशिवाय कपाटात ठेवू नका.